परफ्युजन इंडेक्स दाखवणारा पल्स ऑक्सिमीटर: रावेरकडच्या दवाखान्यातील अनुभव

साधा ऑक्सिमीटर रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण आणि नाडीचे ठोके सांगतो. मी घेतलेल्या यंत्रात त्याखेरीज ‘पीआय’ म्हणजे परफ्युजन इंडेक्स दिसतो, आणि तालुक्याच्या डॉक्टरने जादा पैसे मोजावेत ते याच आकड्यासाठी. बोटातून जाणाऱ्या प्रकाशाचा नाडीबरोबर बदलणारा भाग स्थिर भागाच्या किती टक्के आहे, आणि त्यावरून बोटात रक्त कितपत खेळते आहे, हे तो दाखवतो.

शॉकमध्ये, म्हणजे रक्ताभिसरण कोलमडून अवयवांना रक्त अपुरे पडू लागते तेव्हा, शरीर हृदय व मेंदू सांभाळण्यासाठी हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळून घेते. त्यामुळे रक्तदाब काही काळ बरा दिसतो, पण ऊतींपर्यंत पुरेसे रक्त पोहोचत नसते, आणि बोटावरचा पीआय घसरतो. मे महिन्यात केळीचे घड वाहणारा एक मजूर उलट्या-जुलाबांनी गळून आला, तेव्हा रक्तदाब १०४/७६ होता, पण नाडी १२६ आणि पीआय अवघा ०.४. बाहेर रावेरचे ऊन असताना तळहात गार लागावेत, हीच खरे तर पुरेशी सूचना होती. दोन्ही हातांना सुया लावून रिंगर लॅक्टेट हे क्षारयुक्त सलाइन वेगाने सोडले. तासाभरात पीआय १.८ झाला, बोटांना ऊब आली, पुढे लघवीही झाली. वरचा रक्तदाब मात्र ११२ च्या पुढे सरकला नव्हता. नुसता रक्तदाब पाहिला असता, तर उपचार लागू पडतो आहे की नाही हे कळायला उशीर झाला असता.

तरीही या आकड्यावर एकट्याने विसंबू नये. जानेवारीच्या थंडीत तो निरोगी माणसातही घसरतो, जंतुसंसर्गाच्या शॉकमध्ये सुरुवातीला हातपाय गरम असताना तो फसवा चांगला येऊ शकतो, आणि रक्तवाहिन्या आवळून रक्तदाब वाढवणारे नॉरअ‍ॅड्रेनालीन हे औषध चालू असेल तर रक्तदाब चढत असतानाच तो उतरू शकतो. म्हणून त्याच बोटावरचा चढउतार पाहावा. बोटाचे टोक दहा सेकंद दाबून तीन सेकंदांत रंग परततो का, ही फुकटची तपासणीही सोडू नये. २०१९ च्या अँड्रोमेडा-शॉक अभ्यासात तिच्या आधारे केलेले उपचार रक्तातील लॅक्टेटच्या (ऊतींना ऑक्सिजन कमी पडला की वाढणाऱ्या आम्लद्रव्याच्या) आधारे केलेल्या उपचारांपेक्षा उणे ठरले नाहीत.

यंत्राच्या तक्रारी किरकोळ आहेत: उन्हात पडदा वाचता येत नाही, आणि जळगावला रुग्ण हलवताना रुग्णवाहिकेच्या हादऱ्यांनी आकडा नाचतो. तान्ह्या बाळांच्या बोटावर चिमटा बसत नाही. त्यांच्यासाठी वेगळा प्रोब (मोजणारा संवेदक) जोडता येणारे यंत्र घ्यावे.