एम.कॉम., कॅनडा आणि एक बंद पाकीट : ईसीए रिपोर्टचा आठ महिन्यांचा अनुभव

रिपोर्ट आला त्याच दिवशी लिहायला बसले असते तर पाचपैकी पाच देऊन मोकळी झाले असते. आता आठ महिने तो वापरून झालाय, म्हणून साडेतीन.

मी सांगलीची, माहेर गावभागात. बी.कॉम. आणि एम.कॉम. शिवाजी विद्यापीठाचं. मार्केट यार्डात हळदीच्या एका पेढीवर अकाउंट्स बघते. नवरा बी.एस्सी. आहे. कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्रीसाठी, म्हणजे तिकडे कायमचं राहायला जायच्या गुणांवर चालणाऱ्या योजनेसाठी, प्रोफाइल टाकायचं ठरलं तेव्हा कळलं की नुसती पदवी असून भागत नाही. ती तिकडच्या कुठल्या पदवीच्या तोडीची आहे, हे तिकडच्या सरकारने नेमलेल्या संस्थेकडून लिहून आणावं लागतं. त्या कागदाला ईसीए म्हणतात. अशा संस्था अनेक आहेत. अल्बर्टा सरकारची एक आहे, टोरंटो विद्यापीठाचीही आहे. मी डब्ल्यूईएस (वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेस) ही संस्था घेतली, कारण ओळखीतल्या तिघांनी तीच घेतली होती. यापलीकडे काही अभ्यास केला नव्हता, खोटं कशाला सांगू.

ऑनलाइन खातं उघडणं, फी भरणं हे अर्ध्या तासाचं काम. फी साधारण अडीचशे कॅनेडियन डॉलरच्या घरात, वर कर आणि पाठवणावळ. ती बदलत राहते, त्यामुळे भरायच्या दिवशीच बघा. पैसे भरले की एक रेफरन्स नंबर मिळतो. तो नंबर पाठ करा. पुढची सगळी कागदपत्रं त्याच नंबरावर जमा होतात, पाकिटावर तो नसेल तर तुमचं पाकीट कुणाचं हे तिकडे कळायचं कसं?

इथपर्यंत सुख. मग नाव.

आपल्याकडच्या मार्कलिस्टवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात. लग्नानंतर वडिलांच्या जागी नवरा आला आणि आडनावही बदललं. त्यात माझ्या नावाच्या शेवटी इंग्रजीत मार्कलिस्टवर एक आय आहे आणि पासपोर्टवर दोन ई. म्हणजे कागदावर मी दोन वेगळ्या बायका. विवाह नोंदणीचा दाखला होता म्हणून निभावलं, स्पेलिंगसाठी प्रतिज्ञापत्र केलं. ज्यांनी लग्नाची नोंदणीच केलेली नाही (आणि आमच्या पिढीत अशा ढीगभर आहेत), त्यांनी फी भरण्याआधी ते काम उरकावं. माझे सहा आठवडे केवळ या नावात गेले.

कागदांचीही एक गंमत. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात माहेरच्या तळमजल्यावर पाणी आलं, ट्रंकेतली कागदपत्रं भिजली. बाबांनी ती पंख्याखाली वाळवली आणि धसका घेऊन एकूण एक कागद लॅमिनेट करून आणला, बी.कॉम.च्या मार्कलिस्टसकट. भिजलेली अक्षरं प्लॅस्टिकच्या आत कायमची फुगलेली. स्कॅन केलं की दिव्याची तिरीप मधोमध उमटायची. एका वर्षाची मार्कलिस्ट शेवटी दुबार काढावी लागली. लॅमिनेशन करू नका, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर ठेवा.

आता पाकीट. डब्ल्यूईएसला मार्कांचा उतारा, म्हणजे ट्रान्स्क्रिप्ट, विद्यापीठाकडून बंद पाकिटात लागतो, आणि पाकीट चिकटवलं त्या जागेवर शिक्का किंवा सही. सोबत त्यांचा एक फॉर्म असतो, तोही विद्यापीठानेच भरून त्याच पाकिटात घालायचा. मी एसटीने जयसिंगपूर, हातकणंगले करत कोल्हापूरला गेले, अर्ज दिला, ठरल्या दिवशी पुन्हा जाऊन पाकीट आणलं. घरी आल्यावर आईने त्याला हळदकुंकू लावलं. तिथवर ठीक होतं. मी कुरिअरची चौकशी करून येईपर्यंत बाबांनी ते कात्रीने उघडलं होतं. "नाव बरोबर घातलंय का बघायला नको?" नाव बरोबर होतं. पाकीट मात्र गेलं. फोडलेल्या पाकिटातला उतारा तिकडे चालत नाही, मग आत सोन्याची अक्षरं असेनात का. पुन्हा अर्ज, पुन्हा पैसे, पुन्हा कोल्हापूर. या खेपेला दोन संच मागून घेतले, दोन्ही बंद.

मधल्या काळात एका एजंटकडेही जाऊन आले. तो म्हणाला, मॅडम सगळ्या कागदांना अपोस्टिल (परदेशात कागद खरा मानला जावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का) लागेल, माणसं आहेत आपली दिल्लीत. ईसीएसाठी माझ्याकडे अपोस्टिल कुणीही मागितलं नाही. मास्टर्सच लागणार याची गॅरंटीही त्याने दिली होती. ही गॅरंटी इथे बसून कुणीही देऊ शकत नाही, तोंडावर सांगून उठले.

पाकीट पोचल्याची नोंद खात्यावर दिसली, त्यानंतर पाच आठवड्यांत रिपोर्ट. या भागाला नावं ठेवायला जागा नाही. बी.कॉम.समोर तीन वर्षांची बॅचलर पदवी, एम.कॉम.समोर मास्टर्स. एवढ्या दोन ओळींसाठी हा सगळा घाट, पण त्यांचं मोल सांगते. नवऱ्यासोबत अर्ज करताना सीआरएसमध्ये, म्हणजे एक्स्प्रेस एंट्रीच्या गुणपद्धतीत, बॅचलरला ११२ गुण आहेत, मास्टर्सला १२६. चौदांचा फरक. आणि तिशी लागली की चाळिशीपर्यंत दर वाढदिवसाला वयाचे पाच गुण कापले जातात. म्हणजे एम.कॉम.ने माझे जवळजवळ तीन वाढदिवस भरून काढले. त्यावर आणखी एक: इंग्रजीत चारही भागांत कॅनडाच्या मापाची नववी पातळी गाठली (आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत ऐकण्यात आठ, बाकी तिन्हींत सात), तर शिक्षण आणि भाषेच्या जोडीचे पन्नास गुण मिळतात. नुसत्या एका पदवीला तिथे पंचवीसच. 'एम.कॉम. करून काय मिळालं' म्हणणाऱ्या आमच्या काकांना हा हिशेब मी कागदावर मांडून दिला.

नवऱ्याचा ईसीए वेगळा, त्याची फी वेगळी. जोडीदाराच्या बॅचलर पदवीचे आठ गुण. आठ गुणांसाठी अडीचशे डॉलर आणि कोल्हापूरच्या आणखी दोन फेऱ्या, यावर घरात आठवडाभर वाद झाला. शेवटी केला.

मग रिपोर्टला पाचातला दीड गुण का कापला? कारण हा रिपोर्ट ज्या कामासाठी आहे त्याच कामाचा आहे, आणि ते मला कुणी आधी सांगितलं नाही. मला वाटलं होतं, आता माझी पदवी तिकडे 'मान्य' झाली. तसं नसतं. इमिग्रेशनपुरती ती तोलून झाली, इतकंच. ऑनलाइन मुलाखतीत दोन ठिकाणी मी रिपोर्टचा विषय काढला. त्यांनी तो मागितलाही नाही, कुठलं अकाउंटिंग सॉफ्टवेअर येतं हे विचारलं. सीपीए, म्हणजे तिकडचा सीए, व्हायचं तर अकाउंटंटांची संस्था कुठले विषय शिकलात हे नव्याने तपासणार. इमिग्रेशनच्या रिपोर्टमध्ये विषयवार काही नसतंच, तो पदवीपुरता बोलतो. विषयवार हवा तर वेगळा प्रकार, वेगळे पैसे. आधी माहीत असतं तर पहिल्याच वेळी तो विचार केला असता.

मिरजेच्या माझ्या एका मैत्रिणीचं तर त्याहून पुढचं. ती एम.बी.बी.एस. आहे. डॉक्टर म्हणून प्रोफाइल टाकायचं तर ईसीए मेडिकल कौन्सिल ऑफ कॅनडाकडूनच लागतो, डब्ल्यूईएसचा चालत नाही. फार्मसीवाल्यांची संस्था अशीच निराळी. ती माझं बघून डब्ल्यूईएसची फी भरायला निघाली होती, वेळेत तिचा मला फोन आला म्हणून बरं.

दुसरी गोष्ट तारखांची. ईसीए पाच वर्षं चालतो. इंग्रजीचा निकाल दोन वर्षं. प्रोफाइल बारा महिने, मग पुन्हा टाकायचं. तीन घड्याळं तीन वेगांनी चालतात, त्यामुळे ईसीए आधी आणि परीक्षा नंतर हा क्रम मला सोयीचा पडला. नोकरीच्या ऑफरचे गुण मार्च २०२५ मध्ये काढून टाकले, तेव्हापासून शिक्षण आणि भाषा यांवरच जोर आहे. गुण पुरेसे झाले की कॅनडाकडून अर्ज करायचं बोलावणं येतं, आमचं अजून आलेलं नाही. नवरा रोज सकाळी चहाबरोबर गुण बघतो, जसे काही रात्रीत वाढणार आहेत.

दुसरा बंद संच कपाटात आहे, विषयवार रिपोर्ट करायची वेळ आली तर म्हणून. त्यावर मी स्केचपेनने मोठ्या अक्षरात लिहिलंय : बाबा, उघडू नका. पाकिटावर नाही हं, बाहेरच्या पिशवीवर.