जत तालुक्याचा भिंतीवरचा नकाशा

गेल्या महिन्यात सांगलीतल्या एका छपाईच्या दुकानातून जत तालुक्याचा भिंतीवर लावायचा मोठा नकाशा 450 रुपयांना घेतला. मागे कापड चिकटवलेले, वर-खाली लाकडी दांड्या आणि सगळी नावे ठळक मराठीत. गुंडाळून एस.टी.ने गावी आणला तरी त्याला कुठे चुणी पडली नाही. छपाईला पूर्ण गुण द्यावेत, असे हे काम आहे.

जत हा सांगली जिल्ह्याचा पूर्वेकडचा, क्षेत्रफळाने सर्वांत मोठा आणि कायम कमी पावसाचा तालुका. इथला विस्तार नकाशात समजून-उमजून दाखवला आहे. पश्चिमेच्या डफळापूरपासून पूर्वेच्या उमदीपर्यंत नजर फिरवली की वाटेत संख, माडग्याळ भेटतात आणि भीमेकडे जाणारी बोर नदी बारीक निळ्या रेघेने पुढे सरकते. म्हैसाळ योजनेचे कालवे वेगळ्या रंगात असल्यामुळे कृष्णेचे पाणी कोणत्या अंगाने आले, हे शेतकऱ्याला बोटाने दाखवता येते.

माझा आक्षेप उजव्या कोपऱ्यातल्या इतिहासाच्या चौकटीला आहे. जत संस्थान '1948 साली सांगली जिल्ह्यात विलीन झाले' असे तिथे छापले आहे. डफळ्यांचे हे संस्थान 1948 मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले, पण सांगली जिल्हा तेव्हा अस्तित्वातच नव्हता. 1949 मध्ये साताऱ्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले आणि दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव नोव्हेंबर 1960 मध्ये मिळाले. माझ्या आजोबांच्या 1957 सालच्या कागदावर 'जिल्हा दक्षिण सातारा' असेच आहे. असा जुना उतारा हाती आलेला माणूस या नकाशाच्या भरवशावर राहिला, तर कागद दुसऱ्याच जिल्ह्याचा समजून तो साताऱ्याला खेटे घालत बसेल.

दुसरी उणीव मला अधिक लागते. पूर्व आणि दक्षिण कडेला राज्याची सीमा जाड लाल रेघेने दाखवली आहे, पण ती केव्हा पडली हे कुठेच लिहिलेले नाही. विजापूर आणि बेळगाव जिल्हे नोव्हेंबर 1956 मध्ये म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेले; त्याआधी ही केवळ दोन जिल्ह्यांमधली हद्द होती आणि जतचे लोक एकाच मुंबई राज्यात राहून विजापूरच्या बाजाराला जात. सीमाभागातल्या घरांत मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा का नांदतात, हे एवढ्या एका सालाने मुलांना समजावता आले असते.

दुकानदारांना दोन्ही गोष्टी कागदावर लिहून दिल्या. पुढच्या छपाईत चौकट बदलण्याचे आणि तोवर विकल्या जाणाऱ्या प्रतींवर दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवण्याचे त्यांनी कबूल केले. शाळेसाठी किंवा ग्रामपंचायतीसाठी घेणार असाल, तर ती चिठ्ठी लावली आहे का, हे पाहूनच पैसे द्यावेत.