आय५ १२४०० की रायझन ५ ५६००: एकाच घरात दोन्ही, १४ महिन्यांनंतर

आमच्या घरात दोन पीसी आहेत, एक माझा आणि एक धाकट्या भावाचा, आणि प्रोसेसर नि बोर्ड सोडले तर दोन्ही जवळपास सारखेच. २०२४ च्या दिवाळीच्या आधी एकत्रच घेतले. दोघांत आरटीएक्स ३०६० १२ जीबी ग्राफिक्स कार्ड, दोघांत डीडीआर४ ३२०० ची ३२ जीबी रॅम, दोघांत एनव्हीएमई एसएसडी, मॉनिटर पण १०८० पी १४४ हर्ट्झ. फरक एवढाच की माझ्यात इंटेलचा आय५-१२४०० (एफवाला, म्हणजे आतला ग्राफिक्स नसलेला, तो नाही, साधा, हे नीट लक्षात ठेवा, पुढे सगळं त्यावरच येणारे) आणि भावाच्यात एएमडीचा रायझन ५ ५६००. मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो आणि अल्बम डिझाईन करतो, भाऊ इंजिनिअरिंगला आहे आणि उरलेल्या वेळात गेम. गाव जळगाव, म्हणजे उन्हाळ्याचं वेगळं सांगायला नको.

दोन्ही चिप २०२२ च्या, आय५ जानेवारीत आली आणि ५६०० एप्रिलमध्ये. दोन्ही ६ कोर १२ थ्रेड, दोन्हींचा बूस्ट ४.४ गिगाहर्ट्झ, कागदावर दोन्ही ६५ वॉट. त्यामुळे दुकानात उभं राहिलं की माणूस गोंधळतो, मी पण गोंधळलो होतो, आणि तीन-चार दिवस नुसते युट्यूबवर एफपीएसचे (गेम सेकंदाला किती फ्रेम दाखवतो त्याचे) आकडे बघत बसलो होतो. आज कोणी विचारलं तर सांगेन की त्या आकड्यांमध्ये एक मिनिटही घालवू नका.

कारण गेममध्ये फरक नाहीये. खरंच नाहीये. सायबरपंक २०७७ दोन्हीकडे सारखा चालतो कारण तिथं ३०६० च आधी दमते, प्रोसेसर निवांत असतो. जीटीए ५ तसंच. व्हॅलोरंट आणि काउंटर स्ट्राईक २ मध्ये प्रोसेसरवर जोर येतो, तिथं कधी ह्याचे आकडे वर कधी त्याचे, पण दोन्ही १४४ च्या इतके वर की मॉनिटर ते दाखवूच शकत नाही. एका रविवारी आम्ही खुर्च्या बदलून खेळलो, भाऊ माझ्या पीसीवर आणि मी त्याच्या, दुपारभर खेळून दोघांनाही काही वेगळं जाणवलं नाही. आतून दोघांची रीत वेगळी आहे, ५६०० कडे ३२ एमबी एल३ कॅशे (चिपमधलीच छोटी वेगवान मेमरी) आहे आणि १२४०० कडे १८ च, पण इंटेलचा एकेक कोर जरा तेज आहे (सिनेबेंच आर२३ ह्या वेग मोजायच्या चाचणीत एका कोरला माझा १७०० च्या आसपास जातो, त्याचा १५०० च्या खालीच राहतो), म्हणून गेममध्ये शेवटी हिशोब बरोबरीत सुटतो.

एक मात्र नक्की बघा, दुकानातून पीसी आणल्यावर बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन रॅमचं एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवायचं सेटिंग, चालू आहे का ते. आमच्या दोन्ही पीसीत बंद होतं आणि रॅम २१३३ वर चालत होती. दोन प्रोसेसरमध्ये जेवढा फरक नाही त्याच्यापेक्षा जास्त फरक ह्या एका सेटिंगने पडतो, विशेषतः रायझनला.

आता माझ्या कामाचं. इथं मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मला जे फोटोग्राफर काम देतात त्यातले बरेचजण सोनीच्या ए७ फोरवर ४के, १० बिट, ४:२:२ (रंगाची माहिती जास्त ठेवणारा प्रकार) मध्ये शूट करतात. फाईल एचईव्हीसीची, म्हणजे घट्ट दाबून ठेवलेल्या व्हिडिओची. हे फूटेज रंगाच्या कामाला फार छान, हळदीच्या पिवळ्याचा आणि शालूच्या जरीचा रंग हवा तसा ओढता येतो, पण कॉम्प्युटरला ते उलगडायला जड. आणि गंमत म्हणजे आरटीएक्स ३० सिरीजचं कार्ड ४:२:२ हार्डवेअरवर उलगडतच नाही, ४० सिरीज पण नाही, एनव्हिडियाने ते ५० सिरीजला दिलं. म्हणजे भावाच्या पीसीवर तेवढाच भारी ३०६० असून त्या फाईलचा सगळा भार ५६०० च्या सहा कोरवर येतो. टाइमलाईनवर दोन कॅमेऱ्यांचे अँगल एकावर एक ठेवले की प्रोसेसर ९०-९५ टक्के, प्लेबॅक अडकत अडकत, आवाज पुढे नि चित्र मागे. मग प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरत्या हलक्या कॉपी, बनवा. प्रॉक्सी बनवायला हरकत नाही, पण लग्नसराईत रात्री अकराला कार्ड हातात येतं आणि पार्टीला सकाळी दहाला टीझर हवा असतो, तेव्हा प्रॉक्सीचा तास-दीड तास जीवावर येतो.

माझ्या १२४०० मध्ये जो छोटा ग्राफिक्स आहे, यूएचडी ७३०, तो गेमला कामाचा नाही पण त्याच्यात क्विक सिंक (इंटेलचा व्हिडिओ उलगडणारा खास भाग) आहे आणि ते एचईव्हीसी ४:२:२ सहज उलगडतं. तेच फूटेज, तोच प्रोजेक्ट, माझ्याकडे प्रॉक्सीशिवाय पळतं. पण हे आपोआप होत नाही बरं का. पहिले दोन आठवडे माझं पण अडकतच होतं आणि मला वाटलं पैसे पाण्यात गेले. मग कळलं की वेगळं ग्राफिक्स कार्ड लावलं की बोर्ड आतला ग्राफिक्स बंद करून टाकतो. बायोसमध्ये आयजीपीयू मल्टी मॉनिटर नावाचं सेटिंग असतं (बोर्डाप्रमाणे नाव थोडं बदलतं), ते एनेबल करायचं, विंडोजमध्ये इंटेलचा ग्राफिक्स ड्रायव्हर टाकायचा, मग प्रीमियरच्या प्रेफरन्समध्ये मीडियात जाऊन हार्डवेअर डिकोडिंगसमोर इंटेलला टिक करायची, आणि प्रीमियर बंद करून परत उघडायचं. त्या दिवशी स्पेसबार दाबला आणि वरातीचा शॉट सरळ पळाला ना, अक्षरशः अंगावर काटा आला, आईला हाक मारून दाखवलं.

एक्सपोर्टमध्ये फरक फार नाही, कारण एक्सपोर्ट दोघांकडे ३०६० चं एनव्हेंकच (कार्डातला व्हिडिओ बनवणारा भाग) करतं. फोटोशॉपमध्ये अल्बमची मोठी शीट उघडताना-सेव्ह करताना माझा थोडा चपळ वाटतो, पण सांगितल्याशिवाय कळणार नाही इतपतच. भावाचं कॉलेजचं प्रोग्रॅमिंग, दोन-दोन व्हर्च्युअल मशीन वगैरे ५६०० वर मजेत चालतं, त्याची कधीच तक्रार नसते.

आतल्या ग्राफिक्सचा दुसरा फायदा मार्चमध्ये कळला. भावाच्या कार्डाचा एक फॅन बंद पडला आणि कार्ड वॉरंटीत द्यावं लागलं, परत यायला तीन आठवडे गेले. ५६०० मध्ये ग्राफिक्सच नाही, त्यामुळे कार्ड काढलं की स्क्रीनवर काहीच येत नाही, पीसी असून नसल्यासारखा. त्याचं सबमिशन तोंडावर होतं. मग मी माझं कार्ड काढून त्याला दिलं आणि स्वतः केबल मदरबोर्डच्या एचडीएमआयला लावून तीन आठवडे अल्बमची कामं उरकली. व्हिडिओची मोठी कामं पुढे ढकलली, पण धंदा बंद नाही पडला. माझ्याकडे १२४००एफ असता तर दोन पीसींपैकी एकच चालला असता. म्हणून जो पीसीवर पोट भरतो त्याने तो एफ घेऊन अडीच-तीन हजार वाचवू नयेत, असं माझं अगदी ठाम मत आहे.

गरमीचं. मे महिन्यात इथं ४४-४५ जातं, खोलीत डेझर्ट कूलर लावला तरी दुपारी बाहेरची भट्टी आत येतेच, वर कूलरची दमट हवा आणि धूळ. दोन्ही पीसींवर बॉक्समध्ये आलेलेच छोटे पंखे होते. भावाचा गेममध्ये ८५ च्या वर जायला लागला (५६०० ची मर्यादा ९० आहे), माझा एक्सपोर्टला ७८-८०. भावाने बायोसमध्ये कर्व्ह ऑप्टिमायझर उणे २० केला, म्हणजे चिपला थोडा कमी व्होल्टेज, आणि लगेच ७-८ डिग्री खाली आला, स्पीड तसाच राहिला. ही सोय रायझनमध्ये फार छान आहे. १२४०० लॉक आहे, त्यात असं फार काही करता येत नाही.

त्याच उन्हाळ्यात एक प्रसंग घडला तो सविस्तर सांगतो, कारण एएम४ (५६०० ज्यात बसतो ते एएमडीचं सॉकेट) वापरणाऱ्या प्रत्येकाला उपयोगी आहे. भाऊ प्रोसेसर आणि त्याच्यावरचा पंखा (कूलर) ह्यांच्यामधली पेस्ट बदलायला बसला. पीसी रात्रभर बंद होता, पेस्ट वाळून घट्ट झालेली, त्याने स्क्रू काढून कूलर सरळ वर ओढला आणि कूलरला चिकटून प्रोसेसरच सॉकेटमधून उपटून आला. लिव्हर बंद असतानाच. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात, त्यामुळे ही भीती कायमची. कडेच्या चार पिना आडव्या झालेल्या. भाऊ "दादा" म्हणाला आणि पुढे त्याला बोलताच येईना. मी पॉइंट फाईव्हच्या शिसपेन्सिलीतलं शिसं काढलं, तिचं पुढचं पोकळ टोक एकेका पिनेवर बसवलं आणि अगदी हळू, केसभर-केसभर सरळ केलं, मोबाईलचा टॉर्च आईच्या हातात. अर्धा-पाऊण तास लागला. मग प्रोसेसर सॉकेटवर नुसता ठेवला तर आपोआप खाली बसला, दाबावं लागलं नाही, तेव्हा जीव भांड्यात पडला. आजतागायत चालू आहे. तर, कूलर काढायच्या आधी पीसी १५ मिनिटं एखाद्या गेमवर तापवा, मग बंद करून, प्लग काढून, कूलर डावीकडे-उजवीकडे हलका फिरवत सुटा करा. सरळ वर ओढायचा नाही. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटमध्ये (माझ्या १२४०० चं) प्रोसेसर पत्र्याच्या चौकटीखाली दाबलेला असतो, तो असा येत नाही, पण त्याच्या पिना सॉकेटमध्ये असतात आणि त्या वाकल्या तर बोर्डच गेला म्हणून समजा.

विजेचं थोडक्यात. यूपीएसच्या डिस्प्लेवर बघतो, नुसता डेस्कटॉप उघडा असताना माझा पीसी १५-२० वॉट कमी खातो. ५६०० मध्ये कोरचा तुकडा वेगळा आणि आयओचा वेगळा, त्यांच्यातलं बोलणं सतत चालू असतं, १२४०० एकाच तुकड्याचा आहे. मी दिवसाचे बारा तास पीसी चालू ठेवतो म्हणून मला ते महत्त्वाचं, भावाला नाही.

पैशाचं म्हणाल तर आमच्या बिलात ५६०० अकरा हजारांच्या आत होता आणि १२४०० साडेचौदा, बी५५० आणि बी६६० बोर्डांत हजाराचा फरक. म्हणजे इंटेलचा सेट साधारण साडेचार हजारांनी महाग पडला. फक्त गेम आणि अभ्यास असेल तर ते साडेचार हजार ग्राफिक्स कार्डात नाहीतर चांगल्या एसएमपीएसमध्ये (पॉवर सप्लायमध्ये) घाला आणि डोळे झाकून ५६०० घ्या. एडिटिंग असेल, त्यातही ४:२:२ चं फूटेज येत असेल, तर १२४०० ने ते पैसे मला पहिल्याच सीझनमध्ये वसूल करून दिले.

पुढच्या अपग्रेडमध्ये एएम४ चं पारडं जड आहे असं मला वाटतं. भावाला त्याच बोर्डावर बायोस अपडेट करून ५७००एक्स३डी बसवता येईल, ९६ एमबी एल३वाला, आणि गेमसाठी ती खरी मोठी उडी आहे. माझ्या बोर्डावर १३ वी आणि १४ वी जनरेशन बसते, कोरही भरपूर मिळतात, पण २०२४ मध्ये त्या दोन जनरेशनच्या ६५ वॉट आणि वरच्या चिपमध्ये अस्थिरतेची अडचण निघाली होती, इंटेलने मायक्रोकोड (बायोसमधून येणारी चिपची दुरुस्ती) दिला आणि वॉरंटी दोन वर्षं वाढवली. १२ वी त्यात नव्हती, मी तिच्यावरच थांबलो त्याचं हेही एक कारण. पुढे कधी १४ वी घेतली तर आधी बायोस अपडेट करेन, मगच चिप बसवेन, आणि जुनी घेणार असेन तर दहा वेळा विचार करेन.

सध्या रॅमचे भाव २०२५ च्या शेवटापासून असे चढलेत की डीडीआर५ वर जायचा विषय दोघांनीही बाजूला ठेवलाय. भाऊ ५७००एक्स३डी साठी पैसे जमवतोय. मिळाला की त्याचा ५६०० आईच्या पिठाच्या गिरणीच्या हिशोबासाठी जो जुना पीसी आहे त्याच्या जागी लावायचाय. ग्राफिक्स नसल्यामुळे त्याला एक साधं कार्ड घ्यावं लागेल, कोणाकडे जुनं जीटी ७१० किंवा १०३० पडून असेल तर सांगा.