हाताने विणलेला दोर, मोरकी आणि चामड्याचा लगाम: काही महिन्यांच्या वापरानंतर

नॅचरल हॉर्समनशिपच्या, म्हणजे घोड्याला मारझोड न करता दाब देऊन-सोडून शिकवण्याच्या पद्धतीने घोडीसोबत जमिनीवरचं काम करतो, म्हणून हा संच घेतला: 12 फुटी दोर, गाठींची मोरकी (घोड्याच्या तोंडावर चढवायचा दोरीचा साज) आणि स्वारीसाठी चामड्याचा लगाम. सगळं एकाच कारागिराने हाताने केलेलं. दोराला पैकीच्या पैकी, मोरकीला जरा कमी, लगामाबद्दल मात्र तक्रार आहे.

दोर पॉलिएस्टरचा, दुहेरी विणीचा, साधारण 14 मिलिमीटर जाड. हातात घेतल्याबरोबर वजन जाणवतं, आणि पैसे त्या वजनाचेच आहेत. मनगट हलवलं की लाट थेट घोडीच्या हनुवटीपर्यंत पोचते. हात थांबला की दोर तिथल्या तिथे खाली पडतो. घोडा शिकतो ते दाब सुटतो त्या क्षणी. तिने पाऊल मागे घेतलं आणि दोर अजून हलतोच आहे, तर तिला काय कळणार? हलक्या पॉलिप्रॉपिलिनच्या दोराला हा थांबाच नसतो, शिवाय उन्हाने त्याची कुसळं निघून तळहात सोलवटतो. नायलॉन मजबूत खरा, पण ताणला की लांबतो आणि सुटला की झटका देतो. पॉलिएस्टर फारसा ताणतही नाही, पाणीही पीत नाही.

मोरकीकडच्या टोकाला मी हुक न घेता फासा घेतला. जड पितळी हुक काढा-घालायला सोपा, पण प्रत्येक लाटेला हनुवटीवर आपटतो. दुसऱ्या टोकाची चामडी पट्टी झिजायला लागली आहे. ती बदलता येते.

मोरकीची दोरी 6 मिलिमीटरची आणि कडक. दोरी जितकी बारीक तितका दाब टोकदार, त्यामुळे नाकावरच्या जादा गाठी नकोत असं आधीच सांगितलं होतं. याआधीच्या तयार मोरकीची गळ्याखालची गाठ सरकायची आणि सगळी मोरकी एका गालावर यायची. हिच्यात गाठीतले दोन्ही पदर एकमेकांना चिकटून, पीळ न पडता फिरलेत. अंगठ्याने रेटलं तरी हलत नाहीत. उणं एवढंच, की आमच्या घोडीचं तोंड अरुंद आणि ठरलेल्या मापात गळ्याखालची गाठ खाली लोंबते. माप घेऊनच करून घ्या. बांधताना मोरकीच्या दोरीचं सुटं टोक मोरकीच्याच फाशाच्या खालून फिरवून, डोळ्यापासून लांब, मागे वळवायचं. फाशाच्या वर बांधली तर गाठ सरकते, मग ओढ बसून अशी आवळते की नखं तुटतात.

आणि ही मोरकी तुटत नाही. म्हणूनच ती घालून घोडा कुरणात मोकळा सोडायचा नाही. कुठे अडकला तर मोरकी तशीच राहील, मान जाईल. तिथे चामड्याचीच हवी, जोराने ओढली तर तुटणारी.

लगामाचं चामडं झाडाच्या सालीने कमावलेलं. कापलेली कड पाहिली तर रंग आरपार एकच, मध्ये निळसर-करडी रेघ नाही. दुमडल्यावर बारीक सुरकुत्या पडतात आणि सोडल्या की जातात. पोटाकडचं चामडं असतं तर सैल, खोल सुरकुत्या दिसल्या असत्या आणि एक बाजू हळूहळू लांबली असती. शिवण एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया लावून घातलेली, टाके खोबणीत बसलेले. एखादा टाका तुटला तरी शेजारचे उसवत नाहीत.

मग तक्रार कसली? बकलाजवळच्या पट्टीची चामडी कडी सैल शिवली होती, ती परत शिवून घ्यावी लागली. सुरुवातीला घाम लागला की तपकिरी रंग घोडीच्या मानेवर आणि माझ्या बोटांवर उतरायचा. आता थांबलाय. रोज ओल्या फडक्याने घाम पुसतो, अधूनमधून सॅडल सोप (चामडं साफ करायचा साबण), तेलाचा अगदी पातळ हात आणि सावलीत वाळवण. तेल जास्त झालं की चामडं लिबलिबीत होतं आणि लगामातून बोटांचा इशारा पोचत नाही.

आता 22 फुटी दोर याच कारागिराकडून घेणार आहे. चामड्याचं काम मात्र दुसऱ्याला देईन.