सिम ट्रॅकिंगचा तो ठिपका: नागपूरजवळच्या वाडीतल्या ट्रान्सपोर्टरांसाठी परीक्षण

एका फेरीसाठी बाजारातून उचललेल्या गाडीला जीपीएस कोण बसवणार? गाडी दुसऱ्याची, ड्रायव्हर दुसऱ्याचा, आपला संबंध बिल्टीपुरता, म्हणजे मालाच्या पावतीपुरता. सिम ट्रॅकिंग, म्हणजे ड्रायव्हरच्या सिमवरून गाडीची जागा शोधणं, खपतं ते याच अडचणीवर, आणि तेवढ्यापुरतं ते खरंच कामाचं आहे. ड्रायव्हरकडे बटणांचा साधा फोन असला तरी चालतो. अ‍ॅप नको, नेट पॅक नको. नंबर नोंदवायचा, मेसेजवर किंवा कॉलवर त्याची संमती घ्यायची, की नकाशावर ठिपका उमटतो. सगळी भानगड त्या ठिपक्यात आहे.

मोबाइल कंपनीला गाडी दिसत नसते. फोन कोणत्या टॉवरच्या कोणत्या सेलमध्ये, म्हणजे सिग्नलच्या कोणत्या पट्ट्यात आहे, एवढंच तिला कळतं. एका टॉवरवर साधारण तीन दिशांना तोंड केलेले तीन सेल असतात, प्रत्येकाचा पंखा सुमारे १२० अंशांचा. फोन त्या क्षणी नेटवर्कशी बोलत असेल, तर सिग्नलला लागलेल्या वेळेवरून अंतराचाही अंदाज येतो. टू-जीत त्या अंदाजाची एक पायरी सुमारे ५५० मीटरची, फोर-जीत सुमारे ७८ मीटरची. म्हणजे सगळं जमून आलं तरी हाती लागतो तो फुटलेल्या बांगडीसारखा एक वाकडा तुकडा. सीताबर्डीत टॉवर जवळजवळ असल्याने तो लहान असतो. अमरावती रोडवर बाजारगाव-कोंढाळीकडे किंवा देवलापार-खवासाच्या जंगलपट्ट्यात टॉवर विरळ, तिथे तो कित्येक किलोमीटर पसरतो.

मोबाइलच्या मानकांत याची सोय केव्हाचीच आहे. ही मानकं ठरवणाऱ्या थ्रीजीपीपी या संस्थेच्या नमुन्यात जागा नुसत्या बिंदूने सांगावी असं बंधन नाही; वर्तुळ, लंबवर्तुळ, बहुभुज, कमानीचा तुकडा असे आकार देता येतात, सोबत जागा किती चुकू शकते ती त्रिज्या आणि खात्रीची टक्केवारी. पण डॅशबोर्डवर येईपर्यंत हे बहुधा गळून जातं आणि उरतात फक्त अक्षांश-रेखांश, तेही दशांशानंतर सहा आकडे. अक्षांशाचा सहावा आकडा म्हणजे जमिनीवर ११ सेंटिमीटर. टॉवरच्या भरवशावर ११ सेंटिमीटर! चौथा आकडा ११ मीटरचा, तोही इथे शोभेलाच.

विक्रेता डेमोला आला की रंगीत नकाशा बाजूला ठेवायला सांगा आणि एपीआयचं, म्हणजे सर्व्हरकडून थेट येणारं, कच्चं उत्तर मागा. एकाच कंपनीचं सिम असलेल्या, एकाच टापूत पण थोड्या अंतरावर उभ्या दोन ड्रायव्हरांचे नंबर पिंग करा, म्हणजे त्यांची जागा विचारा. दोघांचे सगळे आकडे तंतोतंत सारखे आले, तर तो टॉवरचा किंवा सेलच्या मध्याचा पत्ता आहे. गाडी तिथे असेलच असं नाही. यात फसवणूक नाही, फक्त सोबत त्रिज्या यायला हवी. त्रिज्येचा रकानाच नसेल तर बोलणी तिथेच थांबवावी.

दुसरी चाचणी वेळेची, आणि माझ्या मते हीच महत्त्वाची. एक फोन बंद करा, पंधरा मिनिटं थांबा, पिंग करा. ‘संपर्क होत नाही’ असं उत्तर आलं तर उत्तम. जुनी जागा जुन्या वेळेसह आली तरी चालेल. जुनी जागा आणि आत्ताची वेळ आली, तर ही सेवा घेऊ नका. खिशात निपचित पडलेला फोन प्रत्येक सेल बदलताना नेटवर्कला कळवत नाही. सेलांचा मोठा टापू ओलांडला किंवा ठरलेली वेळ संपली, तरच तो हजेरी लावतो. फोर-जीत ही वेळ मानकात मुळात ५४ मिनिटांची आहे. मधल्या काळात नेमका सेल हवा तर नेटवर्कने फोनला हाक मारावी लागते. ती न मारता नोंदवहीतली शेवटची ओळ वाचली, तर गाडी त्या टापूच्या दुसऱ्या टोकाला गेलेली असू शकते. म्हणून ‘पिंग केल्याची वेळ’ आणि ‘जागा कळल्याची वेळ’ हे दोन रकाने वेगळेच हवेत.

बुटीबोरी एमआयडीसीतल्या गेटभोवती नकाशावर ५०० मीटरचं कुंपण आखून ‘गाडी पोहोचली’ असा मेसेज मागणारे पुष्कळ. ठिपक्याच्या चुकीची त्रिज्या दोन किलोमीटर असेल तर हा मेसेज एक तर येत नाही, नाही तर हायवेवरून पुढे निघालेल्या गाडीचाही येतो. नियम साधा ठेवा: त्या त्रिज्येचं वर्तुळ पूर्ण कुंपणाच्या आत असेल तर ‘पोहोचली’, कुंपणाला छेदत असेल तर ‘बहुधा’, पूर्ण बाहेर असेल तर ‘नाही’. हॉल्टिंगच्या, म्हणजे गाडी थांबवून ठेवल्याच्या पैशांच्या, भांडणात हे पुरावा म्हणून पुढे करू नका. तिथे गेटवरची नोंद आणि शिक्काच चालतो.

किलोमीटरचंही तसंच. धाब्यावर उभ्या गाडीतला फोन दोन टॉवरांमध्ये हेलकावे खातो आणि रिपोर्टमध्ये गाडी रात्रभर तीन किलोमीटर इकडून तिकडे फिरते. लागोपाठची दोन वर्तुळं एकमेकांवर येत असतील, तर अंतर शून्य धरणारी सेवा शहाणी. वर्धा रोडच्या डबल डेकर पुलावर मात्र खालचा रस्ता, मधला उड्डाणपूल आणि वरची मेट्रो यांचे अक्षांश-रेखांश एकच. तिथे जीपीएसही चाचपडतो.

स्वतःच्या गाड्यांचा जीपीएस आणि भाड्याच्या गाड्यांचं सिम एकाच नकाशावर आणताना दोन चुका हमखास होतात. पहिली क्रमाची. जिओजेसन या नकाशाच्या माहितीच्या फाइल-नमुन्यात रेखांश आधी येतो, आपण बोलताना अक्षांश आधी. अदलाबदल झाली की नागपूरचं २१ उत्तर, ७९ पूर्व हे ७९ उत्तर, २१ पूर्व होतं आणि गाडी उत्तर ध्रुवाकडच्या स्वालबार्ड बेटांजवळच्या बर्फात जाते. ही चूक निदान डोळ्यांना दिसते. दुसरी दिसत नाही. बरीच जीपीएस यंत्रं अंश आणि मिनिटं जोडून पाठवतात: २१०८.७५ म्हणजे २१ अंश ८.७५ मिनिटं. मिनिटांना ६० ने भागलं की २१.१४५८ मिळतं. न भागता २१.०८७५ वाचलं की गाडी साडेसहा किलोमीटर दक्षिणेला सरकते. रेखांशातही हीच चूक झाली, तर शहराच्या मधोमध उभी गाडी सोनेगाव विमानतळाजवळ दिसते. नागपुरातच दिसते, म्हणून कुणाला शंकाही येत नाही.

बिल पिंगवर आहे की ट्रिपवर, हे आधी विचारा. सोळा तासांच्या फेरीत अर्ध्या तासाला एक धरला तर ३२ पिंग, पंधरा मिनिटांना धरला तर ६४. टॉवरच्या अचूकतेत हायवेवर अर्धा तास पुरतो. न लागलेल्या पिंगचे पैसे लावतात का, तेही लिहून घ्या. नंबर दुसऱ्या कंपनीत पोर्ट झाला किंवा वाटेत ड्रायव्हर बदलला, तर संमती नव्याने घ्यावी लागते.

फेरी कुठल्या तालुक्यात आहे, उद्या सकाळी पोहोचेल की दुपारी, एवढं पार्टीला सांगायचं असेल तर सेवा पैसे वसूल. चोरी, डिझेल, गेटवरची वेळ यासाठी जीपीएसच. आणि गाडीतला माल उतरला की ट्रिप त्याच दिवशी बंद करा. नाही तर पिंग पडत राहतात, बिल चढत राहतं आणि फेरीपुरती संमती दिलेल्या ड्रायव्हरचं घर तुमच्या नकाशावर दिसत राहतं.