सीएनसी म्हणून घेतले, निघालं भंगार ओतकाम: फूटपेगच्या नादात मी दोनदा फसलो

आधी आकडा सांगतो म्हणजे पुढचं वाचायचं का नाही ते तुम्ही ठरवा. २,७९९ रुपये फूटपेगचे, म्हणजे बाईकवर पाय ठेवायच्या पट्ट्यांचे गेले आणि वर परत २,७९९ रुपये "रिफंड" घेताना गेले. होय, रिफंड घेताना. आणि मी राहतो कोल्हापुरात, जिथं उद्यमनगरात कुठल्याही गल्लीत दगड मारला तर फाउंड्रीवाल्याला नाहीतर लेथवाल्याला लागेल, आणि मी धातूची वस्तू घेतली कशी, तर मोबाईलवर व्हिडिओ बघून. त्यामुळं हसायचं असेल तर हसून घ्या, घरचे अजून हसतायत.

गाडी रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११, २०१९ ची, सेकंडहँड घेतलेली. गाडीबद्दल तक्रार नाही. पण उभं राहून चालवायला लागलो तसं तळपायाला रग लागायची. बसून चालवताना कळत नाही, पण खराब रस्त्यावर उभं राहिलं की सगळं वजन त्या दोन पट्ट्यांवर येतं, माझं ७८ किलो आणि पाठीवरची सॅक, आणि पट्टी अरुंद असली की बुटाचा तळ त्याच्यावर दुमडतो आणि अर्ध्या तासात पायाची कमान दुखायला लागते. शिवाय पावसात चिखलाचा बूट आणि वर रबर म्हणजे साबणच. (ते रबर काढता येतं, खाली दाते असतात, हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर हा लेख लिहायची वेळच आली नसती.) रुंद, दातेरी पेग बसवायचे हे डोक्यात बसलं. परदेशी ब्रँडचे बघितले, किंमत बघून टॅब बंद केला.

आणि मग, तुम्हाला माहितीच आहे, एकदा सर्च केलं की फोन सोडत नाही. दुसऱ्या दिवसापासून इन्स्टावर जाहिरात सुरू. "सीएनसी बिलेट, ६०६१-टी६ अॅल्युमिनियम, ५७ एमएम रुंद, स्टेनलेस पिन, लाईफटाईम वॉरंटी, ४,९९९ चे फक्त आज २,७९९." सीएनसी बिलेट म्हणजे ओतलेलं नव्हे, अख्ख्या ठोकळ्यातनं कॉम्प्युटरवरच्या मशीननं कापलेलं. व्हिडिओत एक माणूस पेग ऐरणीवर ठेवून हातोडीनं घण घण मारतोय आणि पेगला ओरखडासुद्धा नाही. चाळीस हजाराच्या वर फॉलोअर्स. बायोमध्ये जीएसटी नंबर. मला वाटलं जीएसटी नंबर टाकलाय म्हणजे माणूस खरा असणार. कमेंट बंद होत्या, ते मला दिसलं होतं, पण मी मनाला समजावलं की स्पॅम येत असेल म्हणून बंद केल्या असतील. घ्यायचंच ठरवलं की माणूस समोरच्याची वकिली स्वतःच करतो.

कॅश ऑन डिलिव्हरी नाही म्हणाले, "सर कस्टम पीस आहे, आधी पेमेंट." यूपीआय केलं तर नाव आलं एका व्यक्तीचं, दुकानाचं नव्हे. तिथंही थांबलो नाही.

पार्सल आलं नऊ दिवसांनी. बबल रॅप, आत काळे पेग, दिसायला एक नंबर हां, ते कबूल करतो. बिल नाही, कंपनीचं नाव नाही, बसवायचा कागद नाही. बिल मागितलं तर "व्हॉट्सॲपवर पाठवतो सर", ते आजतागायत येतंय. रविवारी सकाळी बसवायला घेतले. काम तसं सोपं असतं, स्प्लिट पिन (मोठी पिन निसटू नये म्हणून घातलेली बारकी दुटांगी पिन) काढायची, वॉशर, मग मोठी पिन बाहेर ओढायची, स्प्रिंग कशी बसलीय त्याचा फोटो काढून ठेवायचा आणि नवा पेग तसाच चढवायचा. पण पिन घातली आणि पेग हलायला लागला. भोक मोठं. वर-खाली दोन-तीन एमएम खेळत होता. त्यांना विचारलं तर म्हणे "वॉशर टाका सर, युनिव्हर्सल फिटिंग आहे." मी टाकला! उजव्या बाजूला स्प्रिंग नीट बसेना, पेग दुमडला की परत खाली यायचाच नाही, तिथं जुनीच स्प्रिंग वाकवून बसवली. रुंदी मोजली तर ५७ कुठली, ४६. आणि पेग जुन्यापेक्षा जरा खाली आल्यामुळं गिअर लिव्हर आणि मागचा ब्रेक पेडल दोन्ही परत सेट करावे लागले, नाहीतर ब्रेकवर पाय न्यायला बूट वर उचलावा लागत होता. हे खऱ्या चांगल्या पेगलासुद्धा करावं लागतं, त्यामुळं त्याचा दोष मी त्यांना देत नाही. बाकीचे दोष भरपूर आहेत.

पहिले तीन आठवडे गावातच फिरलो. दसरा चौक, राजारामपुरी, फार तर रंकाळ्याला एक फेरी. मित्रांना दाखवले, एकानं तर लिंकसुद्धा मागितली, त्यानं घेतले नाहीत हे माझं नशीब.

मग ऑगस्टमधे मसाई पठारावर गेलो. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, पन्हाळ्याच्या पुढं आहे, जांभ्या दगडाचं सपाट लांबच लांब पठार, पावसाळ्यात धुकं आणि हिरवं गार. (फुलात गाडी घालणाऱ्यांतला मी नाही, मळलेल्या वाटेनंच गेलो होतो.) वेग काही नव्हता, २५-३० असेल, उभा होतो, पाण्यानं भरलेला एक खड्डा आला, वाटलं चार बोटं खोल असेल, निघाला वीतभर. पुढचं चाक गेलं, बाहेर आलं, मागचं आपटलं आणि माझं सगळं वजन डाव्या पायावर आलं. कट् असा आवाज. डावा पाय थेट खाली. नडगी ब्रॅकेटवर आपटली, गाडी डावीकडं पडली आणि मी बाजूच्या चिखलात. नी गार्ड होते, नडगीचा भाग झाकलेला होता म्हणून हाड वाचलं, तरी दोन आठवडे काळंनिळं होतं. हाच खड्डा करूळ नाहीतर भुईबावडा घाटात, मागं ट्रक असताना आला असता तर काय, हा विचार मी रात्री करतो, दिवसा करत नाही.

पेग बघितला तर गाडीला पिनीनं जिथं अडकतो तो कानच मोडलेला. पाटा, म्हणजे पाय ठेवायचा सपाट भाग, चिखलात पडला होता, तो उचलून सॅकमधे टाकला. आता घरी कसं जायचं? डावा पाय मागच्या सीटच्या फूटरेस्टवर ठेवला. पण गिअर डाव्या पायात असतो ना, प्रत्येक गिअरला पाय पुढं आणून हवेत धरून बदलायचा. दोनदा केलं आणि सोडून दिलं. पन्हाळ्यापासून वाघबीळ उतरून पार शिवाजी पुलापर्यंत दुसऱ्या गिअरमधे आलो, मागून येणारे एसटीवाले काय बोलले असतील ते सोडा.

दुसऱ्या दिवशी मामाकडं गेलो. मामाचं उद्यमनगरात छोटं वर्कशॉप आहे, त्याआधी वीस वर्षं फाउंड्रीत काढलीत. तुकडा हातात घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि दोन सेकंदात म्हणाले, "कुठनं आणलंस रं हे भंगार?"

"मामा, सीएनसी आहे ते. बिलेट."

"बिलेट? हे बघ की मोडलेलं. गुळाचा खडा फोडल्यासारखं रवाळ दिसतंय का न्हाय? आणि ही बारकी भोकं बघ, ब्लो होल हायती ही. वितळताना गॅस धरलाय, तसंच ओतलंय. भंगार ॲल्युमिनियम असणार, भांडी-बिंडी घालून."

मग त्यांनी कडेचा काळा रंग कानशीनं घासून दाखवला. खाली सरळ एक रेघ, दोन साचे जिथं जुळतात ती पार्टिंग लाईन, घासून वर जाड पावडर कोटिंग मारून झाकलेली. मशीननं काय केलेलं, तर फक्त पिनीचं भोक मारलेलं, तेसुद्धा मोठं. अख्ख्या ठोकळ्यातनं कापलेल्या पीसवर कटरच्या बारीक रेषा सगळीकडं सारख्या दिसतात, आतल्या कोपऱ्यातसुद्धा, इथं आतले कोपरे खरबरीत वाळूसारखे. पिनीला चुंबक लावला तर टक्कन चिकटला. मामा म्हणाले नेहमीच्या ३०४ स्टेनलेसला असा चिकटत नाही, ही साधी लोखंडी पिन आहे वर झिंक मारलेली.

मी म्हटलं, म्हणजे ओतकाम घ्यायचंच नाही असं का? त्यावर मामा भडकले. "ओतकामाला नावं ठिवू नगंस, ओतकामावर हे गाव उभं हाय. चांगलं ओतलेलं स्टील घे, जन्मभर जातंय. ओतकाम असणं हा गुन्हा न्हाय, ओतकाम इकून सीएनसी सांगणं हा गुन्हा." आणि हातोडीच्या व्हिडिओबद्दल विचारलं तर हसायलाच लागले. पाटा ऐरणीवर सपाट ठेवून मधे मारला तर दगडसुद्धा टिकेल, खाली आधार आहे. गाडीवर पेगला खाली आधार नसतो, पाय टोकावर, पेग एका बाजूनं अडकलेला, सगळा ताण त्या कानावर. कानावर मारून दाखव म्हणावं. हे मला व्हिडिओ बघताना सुचलं नाही, आणि मी डिप्लोमा मेकॅनिकल आहे, हे कुणाला सांगू नका.

आता दुसरी फसवणूक, हिची जास्त लाज वाटते.

विक्रेत्याला फोटो पाठवले. आधी म्हणाला "फिटिंग चुकलंय सर." मग "अनबॉक्सिंग व्हिडिओ असेल तरच वॉरंटी." मी म्हटलं ग्राहक मंचात जातो. लगेच सूर बदलला, "सर रिफंड टीम कॉल करेल." अर्ध्या तासात कॉल आला, हिंदीत, एकदम गोड आवाज, ऑर्डरची तारीख, रक्कम सगळं बरोबर सांगितलं. मी दुकानात होतो, समोर दोन गिऱ्हाईकं उभी. त्यानं व्हॉट्सॲपवर क्यूआर कोड पाठवला, म्हणाला स्कॅन करा, २,७९९ दिसेल, कन्फर्म करून पिन टाका म्हणजे रिफंड जमा. मी आईला दहादा सांगितलंय की पैसे यायला पिन लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात. आणि मी टाकला. रक्कम ओळखीची होती ना, माझीच २,७९९, त्यामुळं डोक्यानं ती "परत येणारी" म्हणूनच वाचली. टिंग वाजलं, बँकेचा मेसेज आला डेबिट म्हणून. त्यावर तो म्हणतो, "सर एरर आलाय, परत एकदा करा." तिथं मात्र फोन कापला.

मग १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन लावला, लागायला थोडा वेळ लागला पण लागला. त्यांनी बारा आकडी यूटीआर नंबर मागितला, तो ॲपमधल्या व्यवहाराच्या डिटेल्समधे असतो, आधीच काढून ठेवा. मग cybercrime च्या सरकारी पोर्टलवर तक्रार, बँकेत अर्ज. पैसे अजून आलेले नाहीत. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे पुढं सरकायच्या आत अडवायची शक्यता जास्त, म्हणून लाज वाटत असेल तर लाजत लाजत का होईना पण लगेच फोन करा, मी चहा पिऊन विचार करत वीस मिनिटं घालवली.

पेगच्या पैशांसाठी १९१५ ला पण तक्रार केली, ती ग्राहक हेल्पलाईन. २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्याच जिल्ह्यात ग्राहक आयोगात केस करता येते आणि पाच लाखापर्यंतच्या व्यवहाराला फीसुद्धा नाही. ऐकायला झकास. पण केस करायची कुणावर? २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणं ऑनलाईन विकणाऱ्यानं नाव, पत्ता, तक्रार अधिकारी सगळं दाखवायला पाहिजे, आणि ह्याच्या पेजवर होतं काय तर एक व्हॉट्सॲप नंबर आणि तो जीएसटी नंबर. तो मी तेव्हा, म्हणजे पैसे गेल्यावर, जीएसटीच्या साईटवर टाकून बघितला. फुकट बघता येतं, लॉगिन लागत नाही, मिनिटभराचं काम. पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचा २७, ह्याचा ०७ म्हणजे दिल्ली, पार्सल आलेलं तिसऱ्याच राज्यातनं, नाव भलत्याच माणसाचं आणि स्टेटस रद्द. कुणाचा तरी बंद पडलेला नंबर उचलून चिकटवलेला. जाहिरातीतले फोटो सर्चमधे टाकून मूळ कुठले ते बघितलं तर एका परदेशी कंपनीच्या साईटवरचे, नाव तेवढं पुसलेलं.

सध्या गाडीवर जुनेच पेग आहेत, रबर काढून. पकड चांगली आहे, रुंदी नाही, पण लोखंड आहे, मोडायच्या आधी वाकेल तरी. रुंद पेग घेणार आहे, पण दुकानात जाऊन, हातात धरून, माझी पिन त्याच्या भोकात घालून बघून, आणि बिल घेऊन. दुकानदार "उघडून बघू नका" म्हणाला तर दुसरं दुकान. माझी जुनी उजवी स्प्रिंग मीच वाकवून खराब केलेली, ती नवी घ्यावी लागली. स्प्लिट पिनी मात्र चार जादा आणून टूलकिटमधे टाकल्यात, काढलेली परत वापरायची नसते.

ते पेज महिन्याभरात गायब झालं. परवा तोच हातोडीचा व्हिडिओ परत दिसला, पेजचं नाव वेगळं, किंमत २,४९९. रिपोर्ट केलं, तुम्हालाही दिसला तर करा. मोडका पेग मामांनी मला परत दिलाच नाही. वर्कशॉपच्या टेबलावर ठेवलाय, नवीन पोरगं कामाला लागलं की हातात देतात आणि विचारतात, "सांग, ह्यात काय काय चुकलंय?" मागच्या आठवड्यात आयटीआयच्या एका पोरानं पाच चुका काढल्या. मामा माझ्याकडं बघून म्हणाले, "हेला घिऊन जायाचं हुतंस."