शाळाखोलीचे बीआयएम मॉडेल: फ्रीकॅड घ्यावे की बोन्साय?

शाळाखोल्या, अंगणवाड्या, आरोग्य उपकेंद्रे यांची बीआयएम मॉडेल्स, म्हणजे भिंती-खिडक्यांची मापे आणि माहिती सांभाळणारी त्रिमितीय संगणकीय प्रतिकृती, करायची, पण दरवर्षी परवान्याचे पैसे भरायचे नाहीत, असे ठरवले की मराठवाड्यातल्या जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागापुढे मुख्यतः दोन सॉफ्टवेअरची नावे येतात. एक फ्रीकॅड, दुसरे ब्लेंडर या त्रिमितीय सॉफ्टवेअरवर चालणारे बोन्साय, म्हणजे पूर्वीचे ब्लेंडरबीआयएम. दोन्ही मुक्त स्रोत आहेत आणि दोन्ही आयएफसी फाइल, म्हणजे बीआयएम मॉडेलची कोणत्याही एका कंपनीची नसलेली सामायिक फाइल, वाचतात, लिहितात.

ऑटोकॅडवर हात बसलेल्या कनिष्ठ अभियंत्याला फ्रीकॅड लवकर जमते. नोव्हेंबर २०२४ च्या १.० आवृत्तीपासून बीआयएमची साधने त्यातच आहेत, आणि टेकड्रॉ या त्यातल्याच नकाशे काढण्याच्या भागातून आराखडा, छेद, मोजमापांसह नकाशा निघतो. सल्लागाराकडून डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅडची फाइल, आली तर आधी रूपांतरक बसवावा लागतो. आयात झाल्यावर पहिले काम म्हणजे एक नऊ इंची भिंत मोजून पाहणे. २३० मिमीऐवजी ९ दिसले, तर नकाशा इंचात काढलेला आहे.

बोन्सायमध्ये आयएफसी हीच मूळ फाइल असते. परिमाणे, दरबाबी, कामाचे वेळापत्रक सगळे तिच्यातच बसते. अंदाजपत्रक हा तुमचा मुख्य उद्योग असेल तर आमचे मत बोन्सायच्या बाजूने आहे. जुन्या दगडी शाळांच्या वाकड्यातिकड्या, खाली जाड वर बारीक भिंतीही ब्लेंडरमध्ये जशाच्या तशा काढता येतात. शिकायला मात्र ते अवघड आहे, आणि पहिले काही आठवडे काम मंदावणार हे धरूनच चालावे.

खरी गफलत गिलाव्यात होते. ६ मीटर लांब, ३ मीटर उंच भिंत घ्या, तिला १.२० × १.५० मीटरची एक खिडकी. दोन्ही बाजूंचे पूर्ण क्षेत्र ३६ चौ.मी. मॉडेलमधले निव्वळ क्षेत्र घेतले तर खिडकी दोन्ही बाजूंनी वजा होते आणि ३२.४० चौ.मी. येतात. आयएस १२०० या बांधकाम मोजणीच्या भारतीय मानकाप्रमाणे दोन्ही बाजूंना सारखाच गिलावा असेल तर ०.५ ते ३ चौ.मी.ची खिडकी-दारासारखी उघडी जागा एकाच बाजूने वजा करायची आणि कडांचा गिलावा वेगळा धरायचा नाही, म्हणजे ३४.२० चौ.मी. ०.६० × ०.४५ मीटरचा झरोका तर अजिबात वजा होत नाही. एका खिडकीमागे १.८० चौ.मी.चा फरक, आठ खिडक्यांच्या इमारतीत १४.४० चौ.मी. मोजमाप पुस्तिका आणि मॉडेल जुळत नाहीत म्हणून बिल अडते ते इथे. उपाय असा की पूर्ण क्षेत्र मॉडेलमधून घ्यावे, खिडक्या-दरवाज्यांची यादी मापांसह वेगळी काढावी आणि वजावट तक्त्यात नियमाने करावी. दोन्ही सॉफ्टवेअरना हे लागू आहे. भिंत बदलली की परिमाणांची मोजणी पुन्हा चालवायला विसरू नका.

यंत्रांचे काय? ब्लेंडरला किमान ८ जीबी रॅम आणि ओपनजीएल ४.३ चालवणारे ग्राफिक्स लागते. कार्यालयातले दहा वर्षांपूर्वीचे संगणक तिथेच अडतात, फ्रीकॅड त्यांच्यावर बऱ्यापैकी चालते. भारनियमन असेल तिथे यूपीएस हवाच, कारण ब्लेंडरचे आपोआप जतन होणे ब्लेंडरच्या फाइलपुरते असते. आयएफसी फाइल आपल्या हाताने जतन करावी लागते.

जीपीएसचे निर्देशांक थेट मॉडेलमध्ये टाकू नयेत. मराठवाड्याचा बहुतेक भाग यूटीएम या मीटरमध्ये स्थान सांगणाऱ्या नकाशा-पद्धतीच्या ४३ उत्तर पट्ट्यात येतो आणि संभाजीनगरजवळ उत्तरेचा आकडा सुमारे २२ लाख मीटर होतो. एवढ्या मोठ्या आकड्यावर ३२ बिटांच्या मोजणीत बिंदू २५ सेंटीमीटरच्या टप्प्यांनीच सरकतो, म्हणून भिंती थरथरतात, सांधे उघडतात. इमारतीचा एक कोपरा शून्यावर ठेवा आणि नकाशावरचे स्थान आयएफसीच्या भू-संदर्भात नोंदवा.

आता दस्तऐवज. केंद्र सरकारचे मुक्त स्रोत धोरण २०१५ चे आहे आणि राज्यांना ते स्वीकारता येते, पण धोरणाच्या कागदावर काम चालत नाही. अभियंत्याची बदली झाली की त्याच्या डोक्यातली पद्धत त्याच्यासोबत जाते. म्हणून मराठीत एक पुस्तिका हवी. कोणते बटण कुठे आहे हे तीत लिहिण्यात अर्थ नाही, ते पुढच्या आवृत्तीत हलते. सॉफ्टवेअरची नेमकी आवृत्ती, घटकांची नावे, गिलाव्यासारखे मोजणीचे नियम आणि काळ्या मातीत पाया प्रत्यक्षात किती खोल गेला ही नोंद कुठे करायची, एवढे लिहा. कंत्राटदाराकडून आलेले मॉडेल तपासायला आयडीएस फाइल, म्हणजे मॉडेलमध्ये कोणती माहिती असलीच पाहिजे याची संगणकाला वाचता येणारी यादी, बनवा, तिची १.० आवृत्ती २०२४ मध्ये आली आहे. भिंतीला दरसूचीचा क्रमांक नसेल तर त्या तपासणीतच ते उघड होते. आयएफसी नोटपॅडमध्ये उघडली की मराठी नावांच्या जागी उलट्या तिरप्या रेघा आणि आकडे दिसतात. फाइल बिघडलेली नसते, तिला हात लावू नका.

नकाशे हीच तातडीची गरज असेल तर फ्रीकॅडने सुरुवात करा, आणि पहिल्या दिवसापासून त्याच्या स्वतःच्या फाइलसोबत आयएफसीही जपा. उद्या बोन्सायकडे वळायचे झाले तर तीच फाइल तिथे उघडेल.